मूळ गाडीतील दुरुस्त्या

जगातली प्रत्येक वस्तू आवश्यकतेपेक्षा पंचवीस पट मोठी आहे, आणि मानवजातीची बहुतेक दुःखं त्यातूनच निर्माण झाली आहेत. घर मोठं म्हणून झाडावं लागतं, गाडी मोठी म्हणून तिला जागा लागते, आणि बायको मोठी (म्हणजे पूर्ण आकाराची) असल्यामुळे तिला उत्तर द्यावं लागतं. हे ओळखून आयोवा राज्यातल्या एल्क प्रेअरी गावी काही विचारी पुरुषांनी ‘पंचविसांश मंडळ’ स्थापन केलं. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या सुट्या प्लास्टिकच्या भागांचा संच आणायचा आणि तो जोडून, घासून, रंगवून मूळ गाडीच्या बरोबर एक-पंचविसांश आकाराची वीतभर गाडी तयार करायची, एवढंच मंडळाचं कार्य. नोकरीनिमित्त मी या गावी आलो, पहिल्याच हिवाळ्यात इथे दुसरं काही करण्यासारखं नाही हे कळून चुकलं, आणि तेव्हापासून मी मंडळाचा चिटणीस आहे.

बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. त्याने एकदा इंजिनाच्या आठ तारा केसाएवढ्या तांब्याच्या तारेतून कापून आठ भोकांत बसवून दाखवाव्यात. काचेभोवतीची चकचकीत पट्टी चांदीच्या वर्खासारख्या कागदातून कापताना श्वास रोखावा लागतो. (आमचे एक सभासद तो पुन्हा घ्यायला विसरले होते. वेळेवर पाठीत धपाटा घातला म्हणून वाचले. पट्टी मात्र वाकडी गेली, याचं सर्वांना वाईट वाटलं.) आतला गालिचा मखमलीच्या भुकटीचा, रेडिओची काडी मेणबत्तीवर ताणलेल्या प्लास्टिकची. रंगाची छटा आधी प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर लावून बघतात, कारण चमच्याची पाठ आणि मडगार्ड यांची गोलाई एकच. त्यामुळे आमच्या चर्चच्या सहलीत सूप निळ्या, हिरव्या आणि किरमिजी चमच्यांनी प्यावं लागतं. रंगवलेली गाडी वाळवायची ती बायकोच्या फळं सुकवायच्या यंत्रात. मंडळाच्या पाहणीनुसार एकाहत्तर टक्के सभासदांच्या घरी सुकवलेल्या सफरचंदाला थिनरचा वास येतो. उरलेल्या एकोणतीस टक्के घरांत सफरचंद सुकवणं बंद झालं आहे.

ऑगस्टमध्ये गावचा मका महोत्सव असतो. सकाळी मंडळाची स्पर्धा, दुपारी बारा वाजता मेन स्ट्रीटवरून मिरवणूक, मग लोण्यात बुडवलेली कणसं. स्पर्धेतला सर्वांत मानाचा विभाग म्हणजे ‘मूळ आणि प्रतिकृती’. ज्याच्याकडे खरी जुनी गाडी आहे त्याने ती चर्चच्या अंगणात आणून उभी करायची, तिच्या बॉनेटवर आपली वीतभर गाडी ठेवायची, आणि परीक्षकांनी दोन्ही ताडून बघायच्या. मुख्य परीक्षक डॉ. रॉस बेन्की हे निवृत्त दंतवैद्य. दाढेमागचं बघायचा छोटा आरसा ते गाडीच्या पोटाखाली फिरवतात आणि कुठेही काहीही आढळलं तरी ‘अरेरे’ म्हणतात. ही सवय जुनीच आहे.

आता कोणीही विचारील, की दोन्हींत तफावत आढळली तर काय करावं? मंडळाने यावर तीन बैठका घेतल्या. प्रतिकृतीवर लाखेचे चार हात बसलेले असतात. तिला कानस लावली की सगळं मुसळ केरात. उलट मूळ गाडी मोठी असते, तिला नटबोल्ट असतात, तिच्यात माणसाचा हात जातो. तेव्हा दुरुस्ती जिथे सोपी तिथे करावी, या शहाणपणाच्या तत्त्वावर नियम क्रमांक नऊ एकमताने संमत झाला: तफावत आढळल्यास दुरुस्ती मुळात करावी.

या नियमाचा पहिला लाभ वेंडल स्टकी यांना झाला. वेंडल आयुष्यभर धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याची बायको मार्लिस शाळेच्या खानावळीत वाढायला होती, आणि गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं खाऊन एवढ्या रुंद झाल्या आहेत. त्यांच्या शेडमध्ये मार्लिसच्या वडिलांची गाडी होती. एकोणसाठ सालची शेव्हर्ले इम्पाला, वरून उघडी, फिकट निळी, मागे पसरलेले दोन पंख. वडील दर महोत्सवात ती मिरवणुकीत चालवायचे आणि मार्लिस मागे बसून हात हलवायची. वडील गेल्यापासून ती त्या गाडीत मिरवणुकीला बसली नव्हती. यंदा गावाने मार्लिसलाच मिरवणुकीची मानकरी नेमलं. त्या दिवशी ती शेडमध्ये जाऊन गाडीला हात लावून थोडी रडली, आणि मग वेंडलला म्हणाली, “बाबांच्या गाडीतच बसणार मी. दुसरी आणलीस तर बघ.”

“दुसरी कशाला?” वेंडल म्हणाला. “आपली आहे की.”

तो खोटं बोलत नव्हता. फक्त त्याच गाडीची प्रतिकृती त्याने स्पर्धेसाठी नुकतीच पुरी केली होती आणि डॉक्टर प्राथमिक तपासणीला येणार होते.

पहिली तफावत किरकोळ निघाली. संचात बाजूचा आरसा नव्हता. (साचा करताना कंपनी विसरली असावी. तिचं नाव मी घेत नाही. पुढच्या महिन्यात तिचं नवं खोकं येणार आहे आणि मला संबंध बिघडवायचे नाहीत.) मूळ गाडीचा आरसा काढला. मग डॉक्टरांनी दोन्ही गाड्यांची दारं ओढून बघितली. संचात दारं अंगासरशी ओतलेली असतात, ती उघडत नाहीत. मूळ गाडीची दोन्ही उघडली.

“अरेरे,” डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मार्लिस शेडमध्ये आली.

“वेंडल, दार उघडत नाहीये.”

“नाही उघडणार. वेल्डिंग केलंय.”

“का रे बाबा?”

“संचात उघडत नाही.”

“आणि मी आत कशी जाऊ?”

“वरून. उघडीच आहे ना गाडी. पाय टाकायचा नि बसायचं.”

“माझं वय काय, वेंडल?”

वेंडल सुज्ञ आहे. तो या प्रश्नाच्या वाटेला गेला नाही.

पुढचे दोन महिने मूळ गाडी झपाट्याने सुधारत गेली. प्रतिकृतीची पुढची चाकं वळत नव्हती, म्हणून मुळाची सरळ करून पक्की केली. (मेन स्ट्रीट सरळच आहे. बँकेपाशी एक वळण आहे, पण ते नगरपालिकेच्या अखत्यारीत येतं.) प्रतिकृतीची पेट्रोलची टाकी भरीव निघाली. मूळ टाकी भरीव करावी की प्रतिकृती पोकळ, यावर वाद झाला. शेवटी मुळातलं पेट्रोल काढून मधला मार्ग निघाला. राहिली एकच आणि सर्वांत ठळक तफावत. मूळ गाडीचं इंजिन नळीत उरलेल्या थेंबांवर अजून चालू होत होतं. चालू झाल्यावर ते थरथरायचं, आवाज करायचं आणि मागून धूर सोडायचं, यांपैकी एकही गोष्ट संचातल्या इंजिनात आढळली नाही. वेंडलने ते बंद पाडलं आणि वरून छान पॉलिश केलं. आता दोन्ही गाड्या डोळे मिटून ओळखता येऊ नयेत इतक्या सारख्या झाल्या. डॉक्टरांनी आयुष्यात प्रथमच ‘अरेरे’ म्हटलं नाही, आणि वेंडलला त्या आनंदात दोन रात्री झोप लागली नाही.

मार्लिस मात्र खिडकीतून शेडकडे बघत राहायची. तिने मला एकदा रस्त्यात गाठलं.

“तुम्ही चिटणीस ना? मग सांगा, माझ्या बाबांची गाडी कुठे गेली?”

“शेडमध्येच आहे. पूर्वीपेक्षा अचूक आहे.”

“अचूक!” ती म्हणाली. “तुम्हा सगळ्यांना एकेकाला खोक्यात घालून वर किंमत लिहायला पाहिजे.”

सूचना विधायक होती. मी ती पुढच्या बैठकीसमोर ठेवली.

महोत्सवाच्या सकाळी मूळ गाडी ट्रॅक्टरला बांधून चर्चच्या अंगणात आणली. बॉनेटवर प्रतिकृती ठेवली. तेवढ्यात मार्लिस आली. हिरवा झगा, खांद्यावरून मानकऱ्याचा पट्टा, हातात स्वयंपाकघरातलं तीन पायऱ्यांचं स्टूल. तिने ते गाडीला लावलं, झगा सावरला, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि मागच्या सीटच्या पाठीवर जाऊन अशी बसली की जणू खानावळीतलं शेवटचं पातेलं वाढून मगच उठणार आहे.

डॉक्टरांनी भिंग लावलं. एकदा प्रतिकृतीकडे बघितलं, एकदा मुळाकडे.

“अरेरे. प्रतिकृतीत बाई नाही.”

“मग?” मार्लिस म्हणाली.

“तफावत आहे. तुम्हाला उतरावं लागेल.”

“मी उतरणार नाही. मला चिकटवलंय असं समजा.”

मूळ वस्तूने दुरुस्तीला नकार देण्याचा मंडळाच्या इतिहासातला हा पहिलाच प्रसंग. नियमावली चाळायला मी बसलोच होतो, तेवढ्यात वेंडलने शर्टाच्या खिशातून काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी काढली. आत कापसावर एक बोटभर बाई बसली होती. हिरवा झगा, लालभडक केस, एक हात वर उचललेला. वेंडलचे कान तेवढेच लाल झाले होते.

“हिवाळ्यात केली,” तो पुटपुटला. “तुला दाखवणार होतो. पहिल्यांदा बघितलं होतं ना मी तुला... अशीच बसली होतीस. ह्याच गाडीत.”

त्याने चिमट्याने ती बाई प्रतिकृतीच्या मागच्या सीटवर ठेवली. बघणाऱ्या बायकांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. मार्लिस पुढे वाकून बघत राहिली, आणि तिचा चेहरा इतका मऊ झाला, की वेंडलची दारं, चाकं, इंजिन सगळं माफ झालं असावं.

डॉक्टरांनी भिंग पुन्हा लावलं. मंडळाची शिस्त ही अशी आहे, भावनेच्या भरातही भिंग खाली राहत नाही.

“अरेरे. केस लाल आहेत. मुळात पांढरे. कंबर,” त्यांनी कर्कटक लावून पंचवीसने गुणलं, “कंबरेत मोठीच तफावत आहे. हनुवटी प्रतिकृतीत एक आहे.”

पुढे काही सांगायची गरज नव्हती. नियम क्रमांक नऊ सर्वांना पाठ होता. सगळं मंडळ एकदम मार्लिसकडे बघू लागलं, जसं दोन महिन्यांपूर्वी दारांकडे बघितलं होतं. एक सभासद मदतीच्या भावनेने म्हणाला, “कोपऱ्यावरचं पार्लर उघडं आहे. केसांचं तासाभरात होईल.” दुसरा म्हणाला, “कंबरेचं मात्र बाराच्या आत अवघड आहे.”

मार्लिस त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती वेंडलकडे बघत होती.

“बोल वेंडल. दोघींतली कोण चुकलीय?”

वेंडलने प्रतिकृतीकडे बघितलं. त्या लाल केसांसाठी त्याने तेवीस चमचे रंगवले होते, हे मला ठाऊक आहे. सूप मीही पितो. मग त्याने मार्लिसकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, जितका वेळ त्याने त्या गाडीच्या मडगार्डांकडेही कधी बघितलं नसेल. आणि म्हणाला, “कोणाकडे पांढरा रंग आहे का?”

“वेंडल!” डॉक्टर ओरडले. “लाख बसलीय त्यावर!”

“असू दे. चुकलंय ते. बारीक कुंचलाही द्या. आणि भेगा बुजवायची थोडी लांबी.”

त्याने सर्वांदेखत केस पांढरे केले. काडीच्या टोकावर लांबी घेऊन कंबरेला लावली. मार्लिस वरून सूचना करत होती.

“अजून लाव. काटकसर करू नकोस.”

“पुरे की.”

“दंड पण जाड कर. पातेली काय तुझ्या डॉक्टरांनी उचलली? आणि हनुवटी राहिलीच.”

“हनुवटी एकच आहे तुला.”

“खोटारड्या,” मार्लिस म्हणाली, आणि इतक्या जोरात हसली, की इंजिन बंद पाडल्यापासून मूळ गाडी प्रथमच थरथरली.

वेंडल अर्थातच बाद झाला. बक्षीस दुसऱ्या एका सभासदाला मिळालं, ज्यांनी आपल्या खऱ्या ट्रकमधलं सीट गेल्याच आठवड्यात काढून टाकलं होतं आणि जे तिथवर उभ्याने गाडी चालवत आले होते.

बारा वाजले. गाडी चालत नव्हती, वळत नव्हती आणि उघडत नव्हती, तेव्हा मंडळाने ती ढकलायची ठरवली. मेन स्ट्रीटभर दुतर्फा माणसं उभी होती, सगळी मार्लिसच्या हातचं जेवलेली, आणि ती वडिलांच्या गाडीतून एकेकाला नावाने हाक मारत हात हलवत चालली होती. “कायल, दूध संपवलंस का रे आज?” कायल आता नगराध्यक्ष आहे. तो म्हणाला, “हो मॅडम.” बँकेपाशीच्या वळणावर आम्ही सर्वांनी मिळून गाडी अंगावर उचलली आणि मार्लिससकट डावीकडे फिरवून ठेवली. मी मागच्या पंखाला होतो. पाठीतून कळ आली आणि मला फार फार आनंद झाला. (तो इतिवृत्तात घेतलेला नाही.)

वेंडल स्टकी यांनी भर अंगणात, साक्षीदारांसमोर, मुळाप्रमाणे प्रतिकृती बदलल्याबद्दल मंडळाने खेद व्यक्त केला असून त्यांचं सभासदत्व रद्द केलं आहे. ते आता रोज संध्याकाळी बायकोबरोबर शेडमध्ये गाडीची दारं कापून मोकळी करत असतात, असं कळतं. अशा माणसाला आमच्यात थारा नाही.

त्यामुळे मंडळात एक जागा रिकामी आहे. तिच्यासाठी तुम्ही अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. तुमचे व्हॉट्सॲपचे गट इतक्या लांबून मीही बघत असतो. तिथे तुम्ही स्वतःचा जो फोटो लावला आहे, तो कोणत्या सालचा आहे हे पाहूनच मंडळाने तुम्हाला एकमताने सभासद करून घेतलं आहे. डॉक्टर तपासणीला केव्हाही येतील. घरीच असा.