कोकरांवर विश्वास नसलेले शिंगाडे सर

कोकरावर कविता करणाऱ्या इंग्रज कवीला ओल्या लेंड्यांचा वास माहीत नव्हता, म्हणून आमचे शिंगाडे सर त्याला दरवर्षी नापास करतात. कवी केव्हाच वारला आहे, पण सरांना तेवढं कारण पुरत नाही.

जालन्याच्या कॉलेजात आम्ही दोघं इंग्रजी शिकवतो. रोमँटिक कवितेचा पेपर आमच्यात वाटलेला आहे. निरागसतेच्या कविता माझ्याकडे, अनुभवाच्या सरांकडे. वाटणी अर्थात सरांनीच केली. "मॅडम, बालपण, फुलं, कोकरं तुम्ही बघा. धूर, भूक, फसवणूक माझ्याकडं." बहिणीला खडकाळ माळ देऊन विहिरीची जमीन स्वतःकडे ठेवावी, तसं.

सर तीर्थपुरीकडच्या मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी मेंढरं राखल्याचं ते कुठल्याही ओळीत घुसवू शकतात. मी कोकराला निष्पाप म्हटलं रे म्हटलं, की माझ्याच तासाला दारातून डोकावतात.

"निष्पाप? अरे, ते ढुशा मारू मारू आईचं दूध पितं, शेजारणीचंबी चोरतं! या कवीनं एक दिवस तरी मेंढरं राखली का?"

पोरं टाळ्या वाजवतात. मी पुढच्या कवितेचं पान उघडते.

"निरागस म्हंजे जो अजून फसला न्हाई तो. बस्स!" ही सरांची व्याख्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर "काम काय हाय?" विचारतात. थापेचा तर एवढा तिटकारा, की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं शिपायानं सांगितलं, तरी दार ढकलून खात्री करतात.

असा हा सत्याचा पुतळा संध्याकाळ झाली, की मात्र मीटिंग अर्धी टाकून पळतो. परवा प्रश्नपत्रिकेवर सही न करताच पळाले. मी चरफडत मस्तगडला त्यांच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. सरांची आई खाटेवर बसली होती. पुढ्यात ताट, पण भाकरीला हात लावलेला नव्हता. सरांच्या बायकोनं मला हळूच सांगितलं, की आजींना अलीकडचं काही आठवत नाही. मेंढरं विकून वर्षं झाली, तरी कळप घरी आल्याशिवाय त्या जेवत नाहीत.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "हुर्र, हुर्र! चला, चला!" इस्त्रीच्या शर्टातले शिंगाडे सर खाली लावलेल्या मोटारसायकलींकडे बघत मेंढरं हाकत होते. मग ते बें बें ओरडले, एकदा जाड आवाजात, एकदा बारीक. मी हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

सर आत आले. मला पाहून क्षणभर थबकले, मग आईजवळ जाऊन म्हणाले, "आली गं माय. समदी आली."

"बारकं मागं राह्यलं न्हाई ना? माय मेली त्याची."

"न्हाई. खांद्यावर घेऊन आलो त्याला."

आजींना ते पटेना. त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू पाह्यलं का?"

सर माझ्याकडे बघत होते. एवढी विनवणी मी त्यांच्या डोळ्यांत कधीच पाहिली नव्हती. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"पाहिलं ना, आजी," मी म्हणाले. "दूध पिऊन झोपलं ते."

आजींनी भाकरीचा तुकडा मोडला. सर तिथंच भुईवर बसले आणि भाजीची वाटी त्यांच्याकडे सरकवत म्हणाले, "जेव माय. गार होऊन राह्यलं."