'कंटिन्यू' म्हणाली होती बिचारी

बायकोने सांगितलेला शब्द जसाच्या तसा टाइप करायला काय जात होतं माझं? पण नाही! ऑफिसात सोळा वर्षं इंग्रजी पत्रांचे मसुदे खरडतोय ना मी! (सही साहेबांची असते, ते सोडा.)

झालं असं. आमची ही दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली होती, कच्च्या नोकरीवर. कामावर खूश होती. रडत आलेली पोरं हिच्याशी बोलता बोलता गप्प व्हायची, जाताना "टाटा मावशी" म्हणायची. घरी येऊन ही एकेकाची नक्कल करून दाखवायची. अशी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी हिच्या मोबाइलवर डॉक्टरीणबाईंचा इंग्रजीत मेसेज आला, पुढे कंटिन्यू करणार का? ही बाथरूममध्ये कपडे धूत होती.

"अहो, हात साबणाचे आहेत माझे. तुम्हीच कळवा. कंटिन्यू म्हणा."

कंटिन्यू! किती मिळमिळीत शब्द! पगारी माणसाने जरा वजनदार बोलावं. मी मोबाइलवर समानार्थी शब्द काढले आणि त्यातला सगळ्यात भारदस्त निवडून ठोकून दिला, 'पर्सिस्टिंग.'

(त्याच बाईंनी नुकतीच हिची दाढ भरून दिली होती. हे मला तेव्हा आठवतं तर आज तोंड लपवावं लागलं नसतं.)

लगेच उत्तर आलं, "अरे बापरे! कधीपासून?"

निर्धार कधीपासून, असं विचारताहेत वाटलं. मी लिहिलं, "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"संकोच वाटला."

"सहन होतंय का?"

कामाचंच विचारत असणार! "आनंदाने," मी कळवलं. आणि बाई इतक्या आपुलकीने चौकशी करताहेत म्हटल्यावर यादीतला दुसरा शब्दही वाढला, "शिवाय लिंगरिंग."

"लिंगरिंग? थंड पाण्याने का?"

थंड पाण्याचा नोकरीशी काय संबंध? असेल दवाखान्यात कूलर. "थंड असो, गरम असो, लिंगरिंग!"

"मग काढूनच टाकावं लागेल."

हिला काढणार? मी घाईघाईने विचारलं, "काहीच इलाज नाही?"

"इतकं झाल्यावर ठेवण्यात अर्थ नाही. त्या जागी नवीन बसवू."

आता मात्र माझं डोकं फिरलं. इतकं जीव लावून काम करणाऱ्या बाईला काढणार, आणि वर नवीन बसवणार म्हणून तोंडावर सांगणार? मी लिहिलं, "नवीन खुशाल बसवा. आम्हीच येत नाही."

"म्हणजे कामावरही नाही?"

"मुळीच नाही!"

मग उत्तर आलं, "वाईट वाटलं. तुमची मर्जी."

ही पदराला हात पुसत बाहेर आली. "कळवलंत?"

"कळवलं. तुझा अपमान मी खपवून घेतला नाही!"

तिने मेसेज वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि पुन्हा एकदा.

"अहो, दाढ," ती म्हणाली. "त्या दाढेचं विचारत होत्या हो."

भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं. ती राहिलेले कपडे पिळायला आत गेली.

असलं फोनवर काय सांगणार, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं दवाखान्यात गेलो. हिच्या खुर्चीत नवीन बाई बसली होती. मी सगळं सांगितलं तशा डॉक्टरीणबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग गंभीर झाल्या.

"अहो, काम कंटिन्यू होतं. दुखणं पर्सिस्ट होतं," त्या मला म्हणाल्या. "आणि थंड पाणी प्यायल्यावर कळ जातच नाही, त्याला लिंगरिंग म्हणतात. आता या नव्या बाईने कालच हातची नोकरी सोडलीय माझ्या शब्दावर. तिला कशी काढू?"

त्यांनी त्यांच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, तिथे जागा होती. पण दोन बस बदलून जावं लागणार, आणि पेशंट सगळे वयस्कर. निघताना एक पोरगी दारातून आत आली आणि "मावशी, तू कुठे चाललीस?" म्हणाली. हिने तिच्या गालावरून हात फिरवला. मला तर चपलाही सापडेनात.

संध्याकाळी त्या नव्या डॉक्टरांचा मेसेज आला. मी दूरच उभा राहिलो. हिने स्वतः उत्तरं दिली, 'येस', 'टुमॉरो', झालं काम. शेवटी त्यांनी विचारलं, काही बरं-वाईट झालं तर कळवायला घरचा नंबर द्या.

तिने तिच्या ताईचा दिला.

"अगं, ताई परगावी! पोचायला अख्खा दिवस लागेल त्यांना," मी म्हणालो. "मी घरात असताना?"

"लागू दे दिवस," ती म्हणाली. "ताईला इंग्रजी येत नाही. ती आधी फोन करून विचारेल तरी, की बाई, जिवंत आहेस ना!"