पडू का, साहेब?

आमच्या हॉस्पिटलात अण्णा मगदूम पडले नाहीत अशी जागा आता उरलेली नाही. लिफ्टच्या दारात पडून झालं. औषधांच्या खिडकीपुढं पडून झालं. कॅन्टीनमध्ये तर हातातला कटवडा शेजारच्याकडं सांभाळायला देऊन, धोतर आवरून, मग पडले. पडण्याआधी मात्र न चुकता विचारणार, "पडू का, साहेब?"

साहेब म्हणजे मी. राजारामपुरीतल्या या हॉस्पिटलात क्वालिटीचं खातं माझ्याकडं आहे. खातं म्हणजे मी, एक टेबल आणि एक पंखा. त्यातला पंखा बंद असतो. आमच्या पक्षाघात विभागाला मानांकन मिळवायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. झटका आलेला माणूस दारात आल्यापासून त्याचं स्कॅन होऊन गुठळी विरघळवणारं इंजेक्शन टोचेपर्यंत किती वेळ जातो, हे बाहेरगावचे परीक्षक येऊन बघणार होते. मानांकन मिळालं, तर नेसरी-गडहिंग्लजकडच्या डॉक्टरांना पेशंट कुठं पाठवायचा याचा विचारच करावा लागणार नव्हता. नाहीतर पेशंट या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतच राहतो आणि तोवर उशीर होतो.

तालमीसाठी एक खोटा पेशंट हवा होता. नर्सिंगच्या मुली स्ट्रेचरवर झोपवल्या की फिदीफिदी हसायच्या. मी स्वतः पडून बघितलं, तर सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही दुपारचं जेवून झोपल्यासारखे दिसताय." तेवढ्यात स्टोअर सांभाळणारे अण्णा दारातून डोकावले. "पडायचंच हाय न्हवं? मी पडतो की!"

आणि पडले. तोंडाचा डावा कोपरा घसरला, डावा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबला, शब्द जिभेवरच अडकले. डॉक्टर मॅडम घाबरून धावल्या. "अण्णा, खरंच काही होतंय का?" अण्णांनी तोंड वाकडंच ठेवून कसंबसं सांगितलं, "म्याडम, टाइम जातोय."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. स्टोअरमध्ये कुणी हातमोजे घ्यायला गेलं आणि शाहूपुरीत कुठं पार्किंग मिळत नाही वगैरे बोलत बसलं, की अण्णा खोकं पुढं सरकवणार, "घ्या आणि पळा. टाइम जातोय." लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही हेच. देवळात आरती लांबली तर पुजाऱ्यालाही सोडत नसतील.

दुसऱ्या तालमीत मी एक पराक्रम केला. अण्णा कुठं पडणार हे कुणालाच सांगायचं नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी ते विसरलो. बाहेरच्या बाकावर पांढरी टोपी घातलेला एक माणूस मान टाकून पडलेला दिसला. अण्णांची टोपी तशीच. मी ओरडलो, "कोड स्ट्रोक!" वॉर्डातल्या पोरांनी त्याला उचललं, पळवलं, थेट स्कॅनच्या टेबलावर ठेवलं. तिथं तो जागा झाला. "ओ, कुठं नेतायसा मला? भावाचा डबा घिऊन आलोय मी!" आणि इकडं खांबामागून अण्णांचा आवाज, "साहेब, मी हितं पडलोय की! टाइम जातोय!"

डबेवाल्या पावण्यांना मी चहा पाजला. ते म्हणाले, "सेवा चांगली हाय, पण झोपंतनं उठवू नका."

मग तपासणीचा दिवस आला. दोन परीक्षक, त्यातल्या एकाच्या हातात घड्याळ. अण्णा केसपेपरच्या खिडकीपाशी पडले. असे पडले, की रांगेतल्या दोन बायका किंचाळल्या. घोषणा झाली, स्ट्रेचर आला, पोरं पळाली. मी छाती काढून मागं. आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. एक गडी बायकोला दोन्ही हातांवर उचलून आत आला. "कोण हाय का हो? हिचं तोंड वाकडं झालंय! बोलंना झालीया!"

सिस्टर माझ्या कानाशी आल्या, "सर, दुसरा पण पेशंट ठेवलाय व्हय? आधी सांगायचं की!"

मी ठेवला नव्हता. म्हणजे परीक्षकांनीच आणला असणार, आपली परीक्षा बघायला. एवढी हुशारी मला नेमकी तेव्हाच सुचली. मी हात वर करून त्या बिचाऱ्याला म्हणालो, "थांबा, पावणं. आधी हे पेशंट."

आधीचा पेशंट त्याच क्षणी स्ट्रेचरवरून उडी मारून खाली उतरला. परीक्षकांच्या डोळ्यांदेखत. धोतराचा सोगा स्ट्रेचरच्या कडीत अडकला, तो तसाच टरकावला. "ठेवा तिला हितं! सरा की साहेब, टाइम जातोय!" डॉक्टर मॅडम पळतच आल्या होत्या. स्ट्रेचर निघाला. मागून ढकलायला, फाटक्या धोतरानं, आमचा पक्षाघाताचा पेशंट.

मला मानांकन जिन्यावरून गडगडत खाली जाताना दिसलं. पण परीक्षकांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि ते त्या बाईच्या मागं चालू लागले.

ती बाई पुढं आपल्या पायांनी चालत घरी गेली. जाताना विचारत होती, "माझ्या नवऱ्याला थांबवणारा तो साहेब कुठाय?" मी स्टोअरमध्ये लपलो. परीक्षक निघताना एवढंच म्हणाले, "तालमीतला पेशंट मध्येच उठून पळालेला आम्ही पहिल्यांदाच बघितला." मानांकन मिळालं.

संध्याकाळी पेढे घेऊन अण्णांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत प्रथमच. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं आणि मला बघून त्या हसल्या. हसताना तोंडाचा डावा कोपरा घसरलेलाच राहिला. डावा हात पदराखाली लोंबत होता. ते तोंड, तो हात मी गेले कित्येक महिने बघत होतो आणि अण्णांच्या अभिनयाला टाळ्या वाजवत होतो.

"हिला वारं लागलं म्हणून तेल चोळत बसलो," अण्णा पेढ्याची पुडी सोडत म्हणाले. "मग ह्या गावचा डॉक्टर, त्या गावचा डॉक्टर. लई फिरलो."

काकू माझ्याकडं बघून काहीतरी सांगू लागल्या. ओठ हलले, 'च' आला आणि अडकला. पुन्हा 'च'. मला ते बघवेना. मी पटकन म्हणायला गेलो, "चहा ना? चहा नको, काकू..."

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबा की, साहेब," ते हळूच म्हणाले. "येतोय शब्द. टाइम हाय."

आणि स्टोअरमध्ये कुणाला धड उभंही राहू न देणारा तो माणूस, काहीही घाई नसल्यासारखा, बायकोच्या तोंडाकडं बघत बसून राहिला. मीही बसलो. बऱ्याच वेळानं शब्द आला. तो 'चहा' नव्हताच.

"चां...गलं," काकू म्हणाल्या, "झालं."