गजाकाकांच्या चाळीस दोऱ्या

आमच्या पूर्णगडात सत्तरीचा एक गृहस्थ दारोदार फिरून बायकांकडे जुनी पातळं मागतो आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. ते आमचे शेजारी गजाकाका. पातळ हातात आलं की आधी गालाला घासणार, मग उजेडात धरणार आणि निकाल देणार. आमच्या हिने एकदा दिलेलं पातळ त्यांनी घडी घालून परत केलं. "सूनबाय, नायलॉन मिसळलाय. ह्ये पाण्यात इरायचं नाय." दुकानदाराने ते अस्सल सुती म्हणून गळ्यात मारलं होतं, त्यामुळे हिचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं.

काकांची खाडीत शिनाण्यांची शेती आहे. शिनाणे म्हणजे हिरव्या कवचाचे लांबट शिंपले. त्यांचं बारीक बी दोरीभोवती पसरायचं, वरून सुती कापड शिवायचं आणि दोरी बांबूच्या तराफ्याखाली पाण्यात सोडायची. पंधरा दिवसांत कापड विरून जातं, तोवर बीने दोरीला घट्ट धरलेलं असतं. बाजारात कापडाऐवजी प्लास्टिकची जाळी मिळते, पण काकांना ती पटत नाही. का, तर "माल सायबाच्या ताटात जायचाय." परदेशातल्या त्या साहेबाला त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही, पण त्याच्या आवडीनिवडी जावयाच्या असाव्यात तशा पाठ आहेत. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, एकदा त्याला जेवायलाच बोलवा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

यंदा निर्यात करणाऱ्या कंपनीने चाळीस दोऱ्या सांगितल्या. त्यांचा माणूस येऊन बघणार होता. एक जरी कमी भरली तरी काम दुसऱ्या गावाला जाणार, असं त्याने बजावलं होतं. त्या सकाळी मी मदतीला गेलो, तर काका लग्नकार्यातलं पांढरं धोतर नेसून पडवीत दोऱ्या शिवत बसलेले. एकोणचाळीस झाल्या आणि कापड संपलं. घमेल्यात बी उरलेलं, आणि त्या माणसाची गाडी फाट्यावर आल्याचा फोन.

आत ट्रंक उघडी दिसत होती. काकूंची पातळं, धुऊन धुऊन मऊ झालेली, काठोकाठ भरलेली. मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, यातलं एक घ्या की. याहून सुती कुठे मिळणार?"

काकांचा सुईचा हात थांबला.

"ते नुको," ते म्हणाले. "खाडीत पंधरा दिसांत इरतंय."

मला माझीच लाज वाटली. घरून काहीतरी आणावं म्हणून मी उठलो, तोवर काकांनी धोतर सोडून उभं फाडलंसुद्धा होतं. खाली जुनी खाकी हाफपँट.

कंपनीच्या माणसाने चाळीस दोऱ्या बघितल्या, हाफपँट न बघितल्यासारखं केलं आणि काम पक्कं करून गेला. काका आत जाऊन काकूंची पातळं घेऊन अंगणात आले.

"म्हैन्यातनं एकदा ऊन दाखवतो," ते म्हणाले. "न्हायतर कसर लागते."

मीही दोन घेतली, झटकली आणि वलणीवर टाकली.