हेल्पडेस्कच्या ताई

नव्या ऑफिसातल्या तिसऱ्याच आठवड्यात इंजिनिअरने स्वतःच्याच लॅपटॉपला कुलूप लावून घेतलं. हाताने सवयीने जुन्या कंपनीचा पासवर्ड टाकला. एकदा नाही, पाच वेळा. गिऱ्हाइकाला ॲप दाखवायला तासभर उरला होता आणि ते ॲप होतं फक्त त्याच लॅपटॉपवर.

"आपला हेल्पडेस्कचा नंबर काय?"

"हेल्पडेस्क?" त्याच्याहून सात वर्षांनी लहान असलेली मालकीण टेबलाखाली शिरून वायफायची वायर हलवत होती. "तुम्हीच की!"

त्याला एकदम पोरकं वाटलं. जुन्या कंपनीत बल्ब बदलायलाही वेगळं खातं होतं. अकरा वर्षं काहीही अडलं की तो फोन लावायचा आणि एक बाई शांतपणे म्हणायची, "घाबरू नका, मी आहे ना." तिचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. आताही बोटांनी डोक्याला न विचारता तोच नंबर लावला.

"बोला. एम्प्लॉयी नंबर?"

त्याने घडाघडा सांगितला.

"अहो, तुम्ही तर सोडून गेलात ना?"

"गेलो हो, ताई. पण अडलंय."

पलीकडे खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग, "घाबरू नका. ऑफिसचं मुख्य खातं कुणाकडे आहे? त्यांच्या लॉगिनने शिरा आणि तुमचा पासवर्ड बदला."

मालकीण टेबलाखालून बाहेर आली आणि तिने स्वतःचं लॉगिन टाकलं. दहा मिनिटांत लॅपटॉप उघडला.

"ताईंना वायफायचं विचारा ना," मालकीण कुजबुजली. वायफाय झालं. मग डिझायनरने प्रिंटरचं गाऱ्हाणं मांडलं. फोन स्पीकरवर गेला, सगळं ऑफिस भोवती जमलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तेही जरा वेळ ऐकत राहिलं आणि हळूच म्हणालं, "माझा मोबाइल सारखा तापतो. विचारता का?"

शेवटी सगळे ॲप बघायला वळले, तेव्हा इंजिनिअरने फोन कानाला लावला.

"आणखी काही मदत?" ताईंनी विचारलं.

"नाही." तो भिंतीकडे वळला. "आठवण येते हो तिथली."

ताईंनी आवाज खाली आणला. "एक विचारू? तिकडे जागा आहे का?"

"तुम्हाला?"

"मला कशाला! तुमचे जुने साहेब मघापासून शेजारी उभं राहून ऐकताहेत. त्यांना हवीय."

इंजिनिअरने ऑफिसभर नजर फिरवली; एकही खुर्ची रिकामी नव्हती. मग म्हणाला, "आहे म्हणावं. येताना खुर्ची तेवढी घेऊन या."