राऊटरची कडेकोट सुरक्षा

घरात मोबाइलवर नेट धड लागत नसे, म्हणून बडेबाबूंनी मंगळवारी राऊटर बसवून घेतला. बसवणारा तंत्रज्ञ जाताना म्हणाला, "काका, पासवर्ड तेवढा बदला. हा सगळ्यांना माहीत असतो."

'सगळ्यांना' हा शब्द बडेबाबूंच्या जिव्हारी लागला. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी अभिलेख कक्ष सांभाळला होता. त्या काळात एकही फाईल चुकीच्या हाती पडली नव्हती. योग्य हातीही पडली नव्हती.

संध्याकाळपर्यंत अठरा अक्षरांचा पासवर्ड सिद्ध झाला. तो एकाच व्यक्तीकडे असणं जोखमीचं, म्हणून पहिली सहा अक्षरं स्वतःकडे, मधली बायकोकडे, शेवटची सूनबाईकडे. एकाने टाइप करताना उरलेल्या दोघांनी भिंतीकडे तोंड करायचं.

"अहो, मला ताईशी बोलायचंय," बायको म्हणाली.

"सूनबाई ऑफिसातून येऊ दे. गणपूर्तीशिवाय जोडणी नाही."

बुधवारी त्यांनी नेटवर्कचं नावच लपवलं.

"बाबा, आता ते आम्हालाही दिसत नाही," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे यंत्रणा निःपक्षपाती आहे."

गुरुवारी फक्त नोंदणीकृत फोनांनाच प्रवेश, असा नियम झाला. अर्ज दोन प्रतींत. बायकोने कारणाच्या रकान्यात 'सहज' लिहिलं. अर्ज फेटाळला गेला. सूनबाईच्या अर्जावर सही होती, पण दिनांक नव्हता. तोही गेला. मग कुणी टाचणी खुपसून सगळं पुसू नये म्हणून राऊटरमागचं रिसेटचं छिद्र बडेबाबूंनी लाख ओतून सीलबंद केलं.

शुक्रवारी सकाळी नियम लागू झाला. यादीत स्वतःचा फोन घालायचा राहिला होता. राऊटरने त्यांनाही बाहेर काढलं. बडेबाबूंचा ऊर क्षणभर अभिमानाने भरून आला. मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

"तक्रार आमच्या वेबसाइटवर नोंदवा, सर."

"पण नेटच बंद आहे."

"नेट बंद असल्याची तक्रारसुद्धा तिथेच नोंदवतात, सर."

हताश होऊन ते बाहेरच्या खोलीत आले. बायको फोनच्या पडद्यावर ताईला नवे पडदे दाखवत होती. सूनबाई कानात इयरफोन घालून ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मान डोलावत होती.

"हे कशावर चाललंय?"

"वरच्या मास्तरांच्या नेटवर," बायको म्हणाली. "तुम्ही अर्ज फेटाळलात तेव्हापासून. पासवर्ड एक ते आठ, ओळीने."

बडेबाबूंनी परक्याच्या नेटवर डल्ला मारण्याच्या अधःपतनावर दहा मिनिटं भाषण दिलं. मग फोन पुढे केला. "तक्रारीपुरतं जोडून दे."

तक्रार दोन मिनिटांत नोंदली गेली. त्यानंतर त्यांनी हवामान पाहिलं, बातम्या पाहिल्या आणि शनिवारी दिवसभर जुन्या क्रिकेट सामन्यांचा आढावा घेतला.

रविवारी मास्तर स्वतःच खाली उतरले. खोलीतले तिन्ही फोन पालथे पडले.

"बडेबाबू, तुम्ही यातले जाणकार. चार दिवस आमचं नेट गोगलगायीसारखं सरपटतंय."

"घरच्यांना जरा आवर घाला."

"मी एकटाच राहतो."

"मग तर फारच उधळपट्टी करता तुम्ही."

मास्तर खजील झाले. "पासवर्ड बदलून बघू का?"

सूनबाईने आपला फोन उशीखाली सरकवला. बायको पाणी आणायला उठली.

"मुळीच नको," बडेबाबू गंभीरपणे म्हणाले. "या वयात नवा लक्षात राहत नाही. आहे तोच सुरक्षित."

मास्तर आभार मानून वर गेले.

बाकी, वाचकहो, तुमचं कसं काय? नेट व्यवस्थित चालतंय ना?