हेमाताईंच्या तीन आठ्या

मिरजेत इंजेक्शन देऊन काढलेली आठी नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी कपाळावर जाते. नियम जुना आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

माझ्या नणंदेच्या, हेमाताईंच्या, कपाळावर तीन आठ्या होत्या. मुलीचं, मुक्ताचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि फोटोत त्यांना म्हातारं दिसायचं नव्हतं. डॉक्टर पारखायला मला बरोबर नेलं.

डॉ. गद्र्यांनी न मागता प्रमाणपत्र दाखवलं, धोके सांगितले, औषधाच्या बाटलीचं सील आमच्यासमोर फोडू म्हणाले. तीस वर्षं पेशंटच्या आठ्या त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यावर घेतल्या होत्या. डोळे शोधावे लागत होते.

बाहेर आल्यावर हेमाताई म्हणाल्या, "ज्याला स्वतःचं तोंड नीट ठेवता येत नाही, तो माझं काय करणार?"

तेच तर त्यांचं खरं प्रमाणपत्र, असं मी समजावलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरे डॉ. केयूर. वय पन्नास, चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. दवाखान्यात आरसेच आरसे आणि फुकट कोकम सरबत. मी पदवी विचारली, तर इथे सगळे विश्वासाने येतात म्हणाले. आठ्या कुठे जातात विचारलं, तर सोय होते म्हणाले. हेमाताईंनी मला चिमटा काढला. फॉर्मवर 'सर्वांत जवळची व्यक्ती' असा रकाना होता. अडीअडचणीला लागत असेल, असं समजून त्यांनी मोठ्या प्रेमाने लिहिलं : चि. सौ. कां. मुक्ता. नुकत्याच दीडशे पत्रिका लिहून हाताला वळण पडलं होतं.

इंजेक्शन घेऊन घरी आलो, तर दार मुक्तानेच उघडलं. तिच्या कपाळावर तीन आठ्या होत्या, मधली आईसारखीच डावीकडे कललेली.

"छान दिसतेस गं आई," ती म्हणाली.

हेमाताई तशाच गद्र्यांकडे धावल्या, मुलीच्या आठ्या घ्या म्हणून हात जोडले.

"तीन आठ्यांची जागा तुमच्यासाठी ठेवली होती," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही गेलात, मग ती एका मास्तरांना दिली. आता चेहरा भरला."

लग्नाच्या दिवशी मुलाच्या आईने दोघींकडे नीट पाहिलं, विहिणीच्या मानाची साडी मुक्ताच्या हातात दिली आणि हेमाताईंना दंडाला धरून बोहल्याकडे नेलं. मुहूर्त टळत होता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. हेमाताईंना भडभडून आलं होतं. मला ते ठाऊक होतं. पण कपाळ जराही हललं नाही.

"सून शांत स्वभावाची आहे हो," मुलाची आई समाधानाने म्हणाली.